सैल दोरी

माझ्या भाचीने पुण्यात राहून एमएस्सी केली. कशात, असं कुणी विचारलं की मी सांगायची, "व्यायामात." की समोरचा फसकन हसलाच म्हणून समजा. आमच्या तारकर्लीत पोरगी डॉक्टर झालेली कळते, मास्तरीण झालेली कळते, बँकेत लागलेली तर फारच चांगली कळते. पण माणूस धावला, ओढला, चढला की त्याच्या काळजाचं काय होतं, रोज भार घेतला की अंग कसं बदलतं, याचाही कुणी वर्षानुवर्षं बसून अभ्यास करतं, हे आमच्या लोकांच्या पचनी पडेना. "म्हंजे पीटीची बाई?" असं विचारायचे. अनुजाही हट्टी. प्रत्येकाला थांबवून समजावत बसायची. मी म्हटलं, "गो, सोड. गाढवापुढे कित्याक गीता वाचतंस?" तर म्हणाली, "आत्ये, गाढवाच्या शरीरातसुद्धा ह्याच होता. भार दिलो काय ता शिकता." घ्या!

मी सावित्री. दोन खोल्या पाहुण्यांना देते, जेवणखाण करते. पुण्या-सांगलीच्या लोकांशी बोलून बोलून माझी भाषा अर्धी त्यांच्यासारखी झालीय, म्हणून ही गजाल तुम्हाला कळेल अशी सांगू शकते. अनुजा माझ्या मोठ्या भावाची, गुरुदासची, एकुलती एक मुलगी. दादाचं घर आणि माझं घर यांच्यामध्ये एक गडगा, दगडांची बुटकी भिंत. त्याच्यावरून आमटीची वाटी जाते आणि भांडणही जातं.

दादा रापणकर. रापण म्हणजे काय ते आता पाहुण्यांनाही माहीत झालंय, सगळ्यांच्या मोबाईलमध्ये असते. होडीतून जाळं समुद्रात अर्धगोल टाकत जायचं, दोन्हीकडचे दोर किनाऱ्यावर आणायचे, आणि मग वीस-पंचवीस माणसांनी अंग मागे टाकत, उलट्या पावलांनी, वाळूत टाचा रोवत ते जाळं ओढून काढायचं. दादाने जन्मभर तेच केलं. माणूस उंचीला बेताचा, पण दोर धरला की वाटायचं वाळूत खांब पुरलाय.

गेल्या थंडीत अनुजाने तिच्या कॉलेजसाठी अभ्यासाला विषय घेतला तो हाच. रापण ओढणाऱ्यांचं शरीर. एक पिशवी भरून यंत्रं घेऊन आली. छातीला रबरी पट्टा बांधायचा, त्यावरून काळजाचे ठोके मोबाईलवर दिसायचे. हाताने दाबायचं एक यंत्र होतं, त्यात मुठीचा जोर कळायचा. आमचा तांडेल, म्हणजे रापणीचा म्होरक्या, मंगेश, आडदांड गडी, रापणीतला सगळ्यात दांडगा, त्याला पट्टा बांधताना गुदगुल्या व्हायच्या. "गो चेडवा, सोड गो, मी हार्टान न्हय, हसान मरतलंय!" सगळा किनारा हसत होता. पण अनुजाने सगळ्यांचं मापलं. दोर ओढून झाल्यावर कुणाचं काळीज किती लवकर शांत होतं, ते बघितलं. त्यात दादा पहिला. तिशीतल्या पोरांपेक्षा लवकर त्याचे ठोके खाली यायचे. तिने ते बापाला सांगितलं तेव्हा दादाने नुसती मिशी कुरवाळली आणि एक विडी पेटवली.

ती विडीच. व्यायामाने काळीज बळकट होतं, पण विडीने नळ्या बुजतात त्या बुजतातच, असं पोरगी कानीकपाळी ओरडायची. बापाला कोण सांगणार! मे महिन्यात, दोन हापूसची कलमं आहेत त्यांच्या पेट्या भरत असताना दादा घामाने डबडबला आणि डावा हात धरून खाली बसला. मंगेशने स्वतःच्या गाडीत घालून गोव्याला नेला म्हणून वाचला. काळजाच्या नळीत जाळी बसवली आणि काही दिवसांनी घरी आणला.

आता गावाची तोंडं बघा. "बापूसच आडवो झालो, मगे ह्येची विद्या खंयची?" माझ्या तोंडावर म्हणणारे निघाले. मी काय गप्प बसणारी? म्हटलं, "डॉक्टराचो बापूस मरणा नाय काय? शिरा पडो तुमच्या तोंडार!" पण ते बोलणं अनुजाच्या कानावर गेलंच. तिचा चेहरा उतरला तो उतरलाच.

आणि इकडे माझी वयनी, यशोदा. तिच्याबद्दल वाईट बोलणार नाही. एवढी जीव लावणारी बाई आमच्या घराण्यात दुसरी आली नाही. पण दुधाने तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो, तसं तिचं झालं. डॉक्टर म्हणाले होते, "थोडे दिवस आराम, मग हळूहळू चालायला लागा." वयनीने पहिला अर्धा भाग ऐकला, पुढचा सोडून दिला. दादाला पडवीतल्या खाटेवर घातला तो पावसाळाभर. पाण्याचा तांब्या उचलू देईना. आंघोळीचं पाणी ती ओतणार, पायात चप्पल ती सरकवणार. एकदा मी त्याला एक नारळ सोलायला दिला तर गडग्यावरून माझ्यावर अशी खवळली की दोन दिवस आमटीची वाटी गेली नाही. दादा नुसता पडलेला. पाऊस बघत. गणपतीच्या आदल्या दिवशी त्याचा सदरा बदलताना मी त्याचे दंड बघितले. सुकलेल्या शेवग्याच्या शेंगा. मी मागल्या दारी जाऊन रडले.

अनुजा गणपतीला आली आणि परत गेलीच नाही. तिला एका खेळाडूंच्या केंद्रात नोकरी लागली होती, तिथे कळवलं की नव्या वर्षात येते. आल्या दिवशीच आईशी जुंपली.

"आई, बाबांक असा निजवन ठेवलंस तर त्येंचा उरलेला बळ पण जातला. काळीज स्नायू आसा. कामाक लावलो नाय तर तो सुकता."

"तू पुस्तका वाचलंस. मी त्येंका गाडयेत घातले तेव्हा तू खंय होतंस?"

मी मध्ये पडले, दोघींना चहा दिला, दोघींनी घेतला नाही. शेवटी ठरलं की गोव्याला जाऊन डॉक्टरांनाच विचारायचं. तिथे दादाला वायरी लावून सरकत्या पट्ट्यावर चालवलं. डॉक्टरांनी बघितलं आणि सांगितलं, काळीज चांगलं आहे, चालू दे, हळूहळू भार वाढवू दे, छातीत कळ आली की थांबायचं, एकदम मोठा जोर लावायचा नाही. वयनी समोर बसून ऐकत होती.

मग सुरू झालं. आधी गडग्यापर्यंत. मग देवळापर्यंत. मग किनाऱ्यावरची घट्ट वाळू, मग वरची भुसभुशीत. छातीला पट्टा, बाजूला पोरगी मोबाईल घेऊन. ती म्हणायची, "बाबा, बोलत बोलत चला. बोलाक येणा नाय झाला काय हळू व्हा." दादाला आधी लाज वाटायची. लोक बघायचे. पण दसऱ्यापर्यंत माणसाच्या चेहऱ्यावर तरतरी आली. जेवण वाढलं. वाळूत चढताना ठोके चढायचे, थांबला की उतरायचे, आणि दर आठवड्याला आणखी लवकर उतरायचे. अनुजा मला मोबाईलवरची रेघ दाखवायची. मला कळायचं नाही, पण तिचा आनंद कळायचा.

एक दिवस ती म्हणाली, "आत्ये, आता दोर."

दादाला चालणं नको होतं, त्याला दोरच हवा होता. रापणीत न ओढता घरी माशांचा वाटा यायचा, मंगेश प्रेमाने पाठवायचा. दादा तो बघायचाही नाही, आत निघून जायचा. पोरीने हे ओळखलं होतं. मंगेशला जाऊन तिने नीट सांगितलं की बाबांना रांगेच्या शेवटी घ्या, आधी थोडंच ओढू दे, आठवड्याआठवड्याने वाढवू. मंगेश लगेच तयार. "आमी आसंव मां! तू काय एक काळजी करू नको." तेव्हाच मला शंका यायला हवी होती. मंगेश कधीही कुठल्या गोष्टीला वाद न घालता हो म्हणालेला नाही.

पहिल्या दिवशी नारळ फोडून देवाला गाऱ्हाणं, म्हणजे साकडं, घातलं. वयनी स्वतः नारळ घेऊन गेली होती. मी गेले नव्हते, पाहुण्यांचे घावणे तव्यावर होते. अनुजा लांब होडीशी दादाला पट्टा बांधत होती. दादा दोराला लागला आणि घरी आला तो हसत. वयनीने त्याची दृष्ट काढली. मला वाटलं, झालं बाई, मार्गाला लागलं.

झालं काय, तर काहीच झालं नाही. आठवडे गेले. दादा रोज दोराला जायचा, घामाचा थेंब न काढता परत यायचा. मुठीच्या यंत्रात जोर होता तेवढाच. दंड तसेच. आणि दोर ओढताना ठोके चढायचेच नाहीत. अनुजा आधी म्हणाली, गोळ्यांचा परिणाम. ठोके खाली ठेवायची गोळी असते ती. मग तिचं तिलाच पटेना. माझ्या स्वयंपाकघरात विळीवर खोबरं खवत बसली होती, एकदम थांबली.

"आत्ये, तीच गोळी खावन बाबा वाळूत चलतत तेव्हा ठोके चढतत. मगे दोरार कित्याक चढणत नाय?"

"तू शिकलंस, माका काय इचारतंस?"

"कधी कधी काळीज भार इलो तरी वर चढाक मागणा नाय. ता लक्षण बरा नसता." आणि तिने खोबऱ्याची कवड खाली ठेवली आणि हुंदका दिला. "मी त्येंका उठवलंय, आत्ये. आई नको म्हणत होती. त्येंका काय झाला तर गाव म्हणतला, चेडवान बापाशीक मारल्यान. आणि गाव खरा बोलतला."

मी तिला जवळ घेतलं. मला काळजाचं काय कळतं! तिने डॉक्टरांना फोन केला, त्यांनी बोलावलं. वयनीला सांगितलं तेव्हा ती एवढंच म्हणाली, "माका म्हायत होता. आता पुरे झाला. त्येंका घरात बसवया." आणि मी तिच्या तोंडाकडे बघितलं तर बाईच्या चेहऱ्यावर सुटका दिसली. मला ते खटकलं. नवऱ्याचं काळीज बिघडलंय असं ऐकून कुणाला बरं वाटतं का?

गोव्याला जायच्या आदल्या सकाळी माझ्याकडे सांगलीचं एक कुटुंब उतरलं होतं, त्यांना रापण बघायची होती. मी घेऊन गेले. दोर लागला होता. पुढे मंगेश, त्याच्यापुढे चार दांडगे, सगळ्यांच्या मागे दादा. पाहुण्यांच्या मुलीला दोर धरून फोटो हवा होता. मी म्हटलं, "धर की, काय खाऊन टाकतायत काय!" ती नाजूक पोर दादाच्या पुढ्यात शिरली आणि दोर धरून चक्क खाली-वर हलवायला लागली, हसत. "काकू, एवढा हलका असतो?"

अनुजा तिथेच उभी होती. तिने मोबाईल माझ्या हातात कोंबला आणि जाऊन बापाच्या हाताशेजारी दोर धरला. कपडे वाळत घालायच्या दोरीलाही याहून जास्त ताण असतो. दादा अंग मागे टाकत होता, टाचा रोवत होता, सगळं करत होता. पण पुढच्या पाच जणांनी सगळा भार स्वतःवर घेतला होता, आणि त्यांच्या मागे दोर नुसता लोंबत होता. काखेत कळसा नि गावाला वळसा! पोरगी डॉक्टरांना फोन करून थकली, आणि काळजाने मोबाईलवर कधीचं खरं सांगून टाकलं होतं. भारच नाही तर ते चढणार कशाला?

जाळं वाळूवर येईपर्यंत अनुजा थांबली. मग मंगेशसमोर जाऊन उभी राहिली. "मंगेशकाका, ह्या काय?"

एवढा मोठा गडी, पण पायाच्या अंगठ्याने वाळू उकरायला लागला. "चेडवा, माका इचारू नको. आमी देवासमोर होय म्हाराजा म्हटला हा."

मग कळलं ते असं. पहिल्या दिवशी नारळ फोडताना वयनीने मंगेशच्या पायाशी डोकं ठेवलं होतं. मंगेशने गाऱ्हाण्यात घातलं, "बा देवा म्हाराजा, ह्या गुरुदासाच्या हाताक दोराचो ताण लागाक देव नको, त्येच्या वाटणीचा आमी ओढतलंव," आणि मागे उभ्या असलेल्या सगळ्या रापणकरांनी "होय म्हाराजा!" म्हटलं. आता आमच्याकडे होय म्हाराजा म्हटलं की झालं. सरकारी कागदावर सही केलेली मोडतात, हे मोडत नाहीत. तेव्हापासून ते पाच जण जिवाचं रान करून दादाच्या वाटणीचं ओढत होते. एकाचा खांदा दुखावला होता, तरी बोलला नव्हता. कुणाला शिव्या घालणार तुम्ही? मी घालायला तोंड उघडलं आणि मिटलं.

"मगे ता गाऱ्हाणां सोडवा," अनुजा म्हणाली.

"ज्येनी मागल्यान, त्येनीच सोडवूक होया. आमच्या हातात नाय," मंगेश म्हणाला.

घरी गेलो तेव्हा वयनी खळ्यात सुकत घातलेली खारी मासळी उलथत होती. तिला चेहऱ्यावरूनच कळलं. ती उभी राहिली. म्हणाली, "होय, मी मागलंय. परत मागतलंय. माझो घोव आसा तो, तुमच्या मशीनीचो उंदीर न्हय."

"आई, तुझ्यामुळे मी त्येंका हार्ट फेल म्हणान गोव्याक न्हेत होतंय!"

"ने! निदान जितो तरी रवतलो!"

दोघी अशा उभ्या की मला वाटलं आता हात उगारतात. मी दादाकडे वळले. म्हटलं, दादा, तू तरी बोल, तुला महिनाभर फसवलं या सगळ्यांनी, तुला राग नाही येत? दादा पडवीच्या पायरीवर बसला होता, पट्टा अजून छातीलाच. तो वर बघेना.

"माका कोणी फसवूक नाय," तो म्हणाला. "जलमभर दोर धरलंय. सैल दोर हातात इलो तर माका कळाचा नाय?"

त्याने छातीवरचा पट्टा चाचपला.

"पयल्याच दिसा कळला. म्हटलंय, बरा झाला." त्याचा आवाज फाटला. "माका भंय वाटता गो. ओढलंय आणि परत ती कळ इली तर? आंबे भरताना इल्ली तशी. म्हणान मी पण गप रवलंय. घराकडे येवन हसलंय. तुमका वाटला मी बरो झालंय."

मी माझ्या भावाला जन्मात घाबरलेला बघितला नव्हता. वादळात होडी उलटली होती तेव्हाही नाही. मला भडभडून आलं. वयनी तर दगड झाली. तिला वाटत होतं भीती एकट्या तिलाच आहे, नवरा आपला दोरासाठी तळमळतोय आणि आपण त्याला वाचवतोय. तो तिच्या पदराआड लपला होता, हे तिला कुठे माहीत!

सगळ्यात आधी अनुजा हलली. बापाजवळ जाऊन बसली. मी म्हटलं आता शास्त्र सुरू होणार. पण तिने हळू सांगितलं, "बाबा, भंय वाटणारच. काळजाचो आजार झाल्यार सगळ्यांका वाटता, माझ्या पुस्तकात ता पण आसा. पण भंय सांगान जाणा नाय. थोडो भार घेवचो, काय होणा नाय ता बघूचा, मगे थोडो जास्त. काळीज तसाच शिकता. माणूस पण."

"कोण देतलो भार?" मी विचारलं. "ते तर होय म्हाराजा म्हणून बसलेत."

अनुजाने आईकडे बघितलं. "आईन खंय म्हटल्यान होय म्हाराजा? आईन मागल्यान."

गडग्यावर रापणीचा एक जुना, टाकून दिलेला दोराचा तुकडा पडलेला असायचा, मी त्यावर गोधड्या वाळवते. अनुजाने तो ओढून काढला, आमच्या मागच्या वाळूत नेला. एक टोक बापाच्या हातात, दुसरं आईच्या. वयनी म्हणाली, "मी देवासमोर गाऱ्हाणां मागे घेवचंय नाय." अनुजा म्हणाली, "देवाक सांगू नको. हातान सांग."

त्यांच्यामध्ये दोर आणि बाजूला मोबाईल घेऊन पोरगी. मी वालीच्या मांडवाजवळ उभी, हात जोडलेले, कुणाला ते मलाही माहीत नाही.

"ओढ, आई. बाबा, दम कोंडू नका. बोलत रवा."

वयनीने ओढल्यासारखं केलं. दोर मध्ये ढिलाच. अनुजा मोबाईल बघूनच म्हणाली, "सैल." परत केलं. "आई, सैल. बाबांचे ठोके हललेच नाय." तिसऱ्यांदा म्हणाली, तेव्हा वयनी भडकली. आमची वयनी भडकली की शांत होते, ओठ मिटतात. मे महिन्यापासूनचं सगळं त्या ओठांत होतं. गाडीत नवऱ्याचं डोकं मांडीवर घेऊन गोव्याला गेलेली, हॉस्पिटलच्या पायऱ्यांवर बसलेली, पावसाळाभर त्याचा श्वास मोजत जागलेली. तिने साडीचा काष्टा खोचला, टाचा वाळूत रोवल्या आणि असा हिसका दिला की दादा दोन पावलं पुढे फरफटला.

दादा थक्क. बायकोने जन्मात त्याला असा ओढला नव्हता.

"यशोदे!"

"ओढा!" ती किंचाळली. "कितके दीस माझ्या पाठी लपतलास? ओढा!"

मग दादाने अंग मागे टाकलं. दोर ताठ झाला, करकरला. वाळू उडाली. अनुजा ओरडत होती, "बोला, बाबा, बोला!" आणि दादा बोलत होता, काय बोलत होता देव जाणे, तांडेलाची हाळी, शिव्या, बायकोचं नाव, सगळं एकात एक. वयनीचे पाय सरकायला लागले. एक हात सरकली, मग आणखी. तिने दोर सोडला नाही. आणि धाडकन बसकण मारून वाळूत पडली, तरी दोर हातातच.

"पुरे! सोडा!" अनुजा म्हणाली.

दादा जिथे होता तिथेच बसला. छाती भात्यासारखी. अनुजा मोबाईलवर डोळे लावून. "चढले," ती पुटपुटत होती, "आत्ये, चढले, बरोबर चढले." पण मला ठाऊक होतं खरी गोष्ट पुढेच आहे. ते उतरायला हवे होते. दादाचे डोळे मिटलेले, हात छातीवर, कळीची वाट बघत असल्यासारखा.

वयनी वाळूतून रांगतच त्याच्याकडे गेली. मोबाईलकडे तिने ढुंकूनही बघितलं नाही. त्याचा हात बाजूला केला आणि आपला तळवा पट्ट्याच्या वर, नुसत्या छातीवर ठेवला. गडग्यापलीकडे माझे पाहुणे चहासाठी हाका मारत होते, मारू देत म्हटलं.

बऱ्याच वेळाने वयनीने मान वर केली. डोळ्यांतून पाणी गळत होतं.

"उतारले," ती म्हणाली. अनुजाने मोबाईल बघितला, आणि नुसती मान डोलावली.

"कळ?" वयनीने दादाला विचारलं.

"नाय," तो म्हणाला. त्याचा स्वतःवरच विश्वास बसेना. "नाय गो. खंयच नाय."

वयनी उठली. साडीची वाळू झटकली नाही की काही नाही. आपलं टोक उचललं, दोन्ही हातांना गुंडाळलं आणि मागे मागे जात उभी राहिली.

"उठा," ती म्हणाली. "परत धरा. ह्या खेपेक मी सैल सोडूचंय नाय."